रसद, पेठ आणि दप्तर : महामारीतील सातारा व सांगली

प्रस्तावना

१८९७ च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्यात पसरलेल्या ग्रंथिक सन्निपाताला, म्हणजे प्लेगला, आवर घालण्यासाठी हिंदुस्थान सरकारने जो साथरोग कायदा घाईघाईने संमत केला तो अवघ्या चार कलमांचा होता. त्यात माणसाला वाटेत अडविण्याची, तपासण्याची, वेगळे ठेवण्याची आणि हुकूम मोडणाराला शासन करण्याची तरतूद होती, परंतु ज्याला अडविले त्याच्या घरी चूल कशी पेटावी, त्याच्या दुकानातील माल कोणी विकावा आणि त्याच्या शेतातील उभ्या पिकाचे काय व्हावे, याविषयी त्या कायद्यात एक अक्षरही नव्हते. तो कायदा होऊन दीड महिनाही झाला नव्हता तोच, १० मार्च १८९७ रोजी, सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतःच त्या रोगाला बळी पडल्या. पुढे एकशे तेवीस वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, करोनाची साथ राज्याच्या उंबरठ्यावर आली तेव्हा महाराष्ट्र शासनाने जे पहिले शस्त्र हाती घेतले ते हाच १८९७ चा कायदा होय.

दुसरे शस्त्र वेगळ्या वंशाचे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील नियंत्रणे, शिधावाटप आणि लेव्ही यांच्या अनुभवातून १९४६ चा तात्पुरता पुरवठा कायदा आणि त्यातून १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा जन्मास आला. मार्च २०२० च्या १३ तारखेस केंद्र सरकारने मुखपट्ट्या व सॅनिटायझर हे जिन्नस त्या कायद्याच्या यादीत समाविष्ट केले. एक कायदा माणसाची ये-जा थांबविणारा, दुसरा मालाची ये-जा चालू ठेवणारा. आणि या दोहोंचा अंमल करावयाचा तो एकाच जिल्हाधिकाऱ्याने, त्याच तहसीलदारांच्या व त्याच पोलीस पाटलांच्या हातून. माल स्वतःच्या पायांनी चालत नाही, त्याला हमाल लागतो, गाडीवान लागतो, तोलाईदार लागतो, हे ज्याच्या ध्यानात आले असेल त्याला या दोन कायद्यांमधील पेच निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पुढील प्रकरणांचा विषय हा पेच आहे.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या अभ्यासासाठी एकत्र घेतले आहेत, याचे कारण ते शेजारी आहेत एवढेच नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी साताऱ्यातच होता. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णा दोघांची एकच, पुणे-बंगळूर महामार्ग दोघांचा एकच, आणि पाण्यावर पोसलेला ऊस व पाण्यावाचून होरपळलेले दुष्काळी तालुके यांची विषम जोडीही दोघांची एकच आहे. पाटण-जावळीच्या डोंगरातून मुंबईस गेलेला माथाडी आणि खानापूर-आटपाडीच्या माळावरून सोन्याचांदीच्या गलाईसाठी हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांत गेलेला तरुण, हे एकाच अपुऱ्या जमिनीने घराबाहेर घातलेले भाऊ आहेत. जमीन एकाला पोसते आणि दुसऱ्याला परदेशी धाडते. त्यामुळे साथ आली तेव्हा येथे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहिले. येथे पिकलेला माल बाहेर कसा जावा हा पहिला, आणि बाहेर गेलेला माणूस घरी कसा यावा हा दुसरा.

सांगली जिल्ह्यात या संकटाची पहिली वर्दी मिळाली ती इस्लामपुरात. २३ मार्च रोजी परदेशातून परतलेल्या चार प्रवाशांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले, आणि आठवडाभरात त्यांच्या निकट संपर्कातील रुग्णांची संख्या वीसच्या वर गेली. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात या रुग्णांवर उपचार झाले व ते बरे होऊन परतले, ही त्या काळातील फार मोठ्या दिलाशाची वार्ता होती. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने इस्लामपूरचे महत्त्व निराळे आहे. रोग्यांचा परिसर कडेकोट बंद करावयाचा तर आतील प्रत्येक घरी दूध, भाजी, किराणा आणि औषध दारात नेऊन पोचविले पाहिजे, नाही तर बंदोबस्त दुसऱ्या दिवशी मोडतो, हे सत्य सांगली जिल्ह्याच्या प्रशासनाला तेथे प्रथम हाताळावे लागले. उपाशी माणसाला कोणतीही नाकेबंदी फार काळ रोखू शकत नाही. म्हणून रसद हा साथनियंत्रणाचा परिशिष्टातील विषय न मानता पहिल्या पानावरचा विषय मानावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

साथ रोखण्यासाठी लागू झालेल्या टाळेबंदीचा काळही असा होता की त्याहून वाईट मुहूर्त कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला मिळाला नसता. मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षे उतरविण्याचा, बेदाण्याची शेड भरलेली असण्याचा, सांगलीच्या बाजारात नव्या हळदीचे सौदे रंगात असण्याचा, महाबळेश्वर-पाचगणीच्या वाफ्यांत स्ट्रॉबेरीचा उत्तरार्ध चालू असण्याचा आणि साखर कारखान्यांच्या फडात शेवटचा ऊस तुटत असण्याचा आठवडा. त्यातच ३१ मार्च ही पीककर्ज फेडीची तारीख. ती मुदत शासनाने प्रथम मेअखेर व पुढे ऑगस्टअखेरपर्यंत वाढविली हे योग्यच झाले. परंतु कर्जाची मुदत कागदावर वाढविता येते, पिकलेल्या घडाची मुदत कोणत्याही फर्मानाने वाढविता येत नाही.

कोणता माल किती दिवस थांबू शकतो, या एका मापाने त्या काळातील सर्व उपायांची परीक्षा करता येते. हळद थांबू शकते. हरिपूरच्या जमिनीतील पेवांत ती वर्षानुवर्षे ठेवण्याचा या भागाचा जुना शिरस्ता होता; २००५ च्या महापुराने त्यातील पुष्कळ पेवे निकामी केली, तरी गोदामे आहेत, आणि सौदे काही आठवडे स्थगित झाले म्हणून गाठ आपला रंग टाकीत नाही. बेदाणाही शीतगृहात थांबतो. ऊस काही दिवस कळ काढतो, पण त्याचा उतारा घटतो. द्राक्ष आणि स्ट्रॉबेरी यांना मात्र दिवसांची गणती आहे, आणि दुधाला तर दिवसही नाही, प्रहरच आहेत.

द्राक्षाची कथा थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. केंद्र सरकारच्या टाळेबंदीच्या मूळ आदेशात अन्नधान्य, फळे, भाजीपाला व दूध यांची वाहतूक प्रथमपासूनच मुक्त होती, आणि मार्च संपण्यापूर्वी शेतीची कामे, बाजार समित्या, खते-बियाण्यांची दुकाने यांनाही सवलत देण्यात आली. तरीही बागेत माल लोंबकळत राहिला. याचे कारण असे की सवलत फळाला होती, पण फळाभोवतीच्या साखळीतील प्रत्येक कडीला ती नव्हती. ज्या पुठ्ठ्याच्या पेटीत द्राक्ष भरावयाचे ती पेटी पहिल्या आदेशाच्या शब्दांनुसार अत्यावश्यक नव्हती; मालमोटारीचे टायर दुरुस्त करणारा, महामार्गावर चालकाला जेवण देणारा ढाबेवाला, हेही त्या यादीत नव्हते; आणि माल घेऊन गेलेली मोटार परतीच्या वाटेवर रिकामी अथवा दुसऱ्या मालाने भरलेली असेल तर नाक्यावरच्या शिपायाने तिला काय समजावे, याचा निर्वाळा देणारा कोणी नव्हता. २९ मार्च रोजी गृह मंत्रालयाने वाहतुकीपुरता अत्यावश्यक व अनत्यावश्यक हा भेदच काढून टाकला. त्या संपूर्ण काळातील सर्वांत शहाणा हुकूम कोणता असे कोणी विचारल्यास, प्रस्तुत लेखक निःशंकपणे या एका परिपत्रकाकडे बोट दाखवील. कारण पुरवठा ही वस्तूंची यादी नसून एकमेकांवर विसंबलेल्या माणसांची साखळी आहे, हे त्यात शासनाने प्रथमच मान्य केले होते.

परंतु तोवर परप्रांतीय व्यापारी निघून गेले होते, दूरच्या शहरांतील बाजार अर्धवट मिटले होते आणि भाव कोसळले होते. ज्यांना शक्य झाले त्यांनी खाण्याचे द्राक्ष बेदाण्याच्या शेडकडे वळविले. हा निर्णय कोणत्याही मंत्रालयाने घेतलेला नव्हता. तो तासगाव-पलूसच्या शेतकऱ्याने स्वतःच्या बुद्धीने घेतला, आणि तो घेता आला याचे कारण त्या भागात गेल्या काही दशकांत शेड, रॅक, डिपिंगचे तंत्र, शीतगृहे आणि बेदाण्याचे सौदे ही सारी व्यवस्था आधीच उभी राहिलेली होती. जेथे दिरंगाई चालत नाही असा आणखी एक धागा येथे आहे. फळ उतरल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी करावी लागते, आणि त्या छाटणीनंतर फुटलेल्या काडीतच पुढील वर्षाच्या घडांची धारणा होते. माल वेलीवर अडकला की छाटणी लांबते, छाटणी लांबली की पुढील हंगामही डळमळतो. एका वर्षाच्या बंदीचा हिशेब दोन वर्षांच्या खतावणीत मांडावा लागतो, ही गोष्ट नुकसानीचे पंचनामे करणाऱ्या पद्धतीत आजही बसत नाही.

स्ट्रॉबेरीच्या नशिबी बेदाण्यासारखा आसरा थोडा होता. देशातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा हिस्सा एकट्या महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात पिकतो, आणि त्यातील चांगला भाव देणारे फळ पर्यटकांना विकले जाते. पर्यटन बंद झाले त्याच दिवशी ते गिऱ्हाईक नाहीसे झाले. काही फळ प्रक्रिया उद्योगाकडे गेले, काही गुरांपुढे पडले.

दुधाच्या बाबतीत शासनाने जी तजवीज केली ती उल्लेखनीय आहे. चहाची दुकाने, उपाहारगृहे आणि मिठाईची दुकाने बंद झाल्यामुळे मागणी एकाएकी ओसरली, तेव्हा राज्य शासनाने दररोज दहा लाख लिटरपर्यंत अतिरिक्त दूध लिटरमागे २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना एप्रिल २०२० मध्ये अमलात आणली. दूध थांबू शकत नाही, भुकटी थांबू शकते, एवढा साधा विचार तिच्या मुळाशी होता. सातारा-सांगलीसारख्या प्रदेशात, जेथे १९३९ साली भिलवडीत चितळ्यांनी डेअरी काढल्यापासून दूध हे घरोघरच्या रोकड उत्पन्नाचे साधन होत आले आहे, या उपायाचा अर्थ दर दहा दिवसांनी मिळणारे दुधाचे बिल बंद न पडणे असा होता. आणि ते बिल घरातील स्त्रीच्या हाती येते, हे जाणणाराला त्याचे मोल अधिक सांगावयास नको.

साखर कारखान्यांनी या काळात दोन कामे केली. आसवनी असलेल्या कारखान्यांना सॅनिटायझर तयार करण्याचे परवाने देण्यात आले, आणि उसाच्या मळीतून निघालेला मद्यार्क रुग्णालयांच्या दारी पोचला. दुसरे काम अधिक कठीण होते. बीड, अहमदनगर या जिल्ह्यांतून, तसेच सांगलीच्याच जत तालुक्यातून कोयते घेऊन आलेल्या टोळ्या फडाकडेच्या खोप्यांत अडकून पडल्या. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली होती अथवा नव्हती, गावी म्हातारी माणसे व शाळेतील मुले वाट पाहत होती, आणि जिल्ह्याच्या सीमा बंद होत्या. राज्यभर अशा मजुरांची संख्या एक लाखाहून अधिक होती. १७ एप्रिल रोजी शासनाने त्यांना घरी जाण्याची परवानगी दिली. त्यांची वैद्यकीय तपासणी, प्रवास आणि वाटेतील भोजन यांची जबाबदारी कारखान्यांवर सोपविली. हा हुकूम आला हे भूषणावह आहे, परंतु तो टाळेबंदी लागल्यावर साडेतीन आठवड्यांनी आला, हे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. जी माणसे पाच-सहा महिने दोन जिल्ह्यांच्या संपत्तीचा मुख्य झरा वाहता ठेवतात, त्यांची नोंद ना येथील तलाठ्याच्या दप्तरात होती, ना कारखान्याच्या हजेरीपटावर. ती होती मुकादमाच्या वहीत. मुकादमाची वही शासन वाचीत नाही.

येथे या ग्रंथाच्या मुख्य प्रतिपादनाशी आपण येऊन पोचतो. महामारीतील शासकीय साहाय्याचा ओघ कोठे वेगाने गेला आणि कोठे आटला, हे पाहू गेल्यास दातृत्वाची इच्छा अथवा तिजोरीतील रक्कम यांपेक्षा एका तिसऱ्याच गोष्टीने त्याचा निकाल लावलेला दिसतो, आणि ती गोष्ट म्हणजे शांततेच्या काळात ज्याचे नाव दप्तरात लिहिले गेले होते तो कोण.

धान्याचे पाहा. शिधापत्रिकेचे दप्तर महायुद्धापासून चालत आलेले, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पक्के केलेले. त्यामुळे २६ मार्च रोजी दरमाणशी दरमहा पाच किलो मोफत धान्याची घोषणा होताच ते धान्य गावोगावच्या स्वस्त धान्य दुकानांत उतरविणे शक्य झाले. यंत्रावर अंगठा टेकण्याने संसर्ग पसरू नये म्हणून दुकानदाराच्याच प्रमाणीकरणावर वाटप करण्याची मुभा राज्याने दिली. आरंभी नियमित धान्य आणि मोफत तांदूळ यांच्या वेगवेगळ्या नियतनांमुळे दुकानांपुढे वाद झाले, तक्रारी झाल्या. तरीही इतक्या अल्पावधीत इतक्या घरांपर्यंत अन्न पोचविणारे दुसरे कोणतेही यंत्र या देशात नाही. केशरी पत्रिकाधारकांपैकी जे अन्नसुरक्षेच्या बाहेर होते, त्यांना राज्याने मे व जून महिन्यांसाठी दरमाणशी तीन किलो गहू आठ रुपये दराने व दोन किलो तांदूळ बारा रुपये दराने दिला. शिवभोजनाची थाळी दहाऐवजी पाच रुपयांना मिळू लागली, आणि पुढील वर्षीच्या एप्रिलात ती विनामूल्य झाली. ज्याच्याजवळ कोणतीच पत्रिका नव्हती, त्या स्थलांतरिताच्या वाट्याचे पाच किलो धान्य जाहीर होण्यास मात्र मे महिना उजाडावा लागला.

उद्योग-व्यवसायांची गोष्ट याच न्यायाने चालली. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च रोजी कर्जाच्या हप्त्यांना प्रथम तीन महिन्यांची व नंतर ऑगस्टअखेरपर्यंतची तहकुबी दिली. ब्रिटिश अमदानीत दुष्काळात शेतसाऱ्याला तहकुबी मिळे, माफी क्वचित मिळे, आणि तहकूब झालेला सारा पुढील सुगीच्या मानेवर बसे. हप्त्यांच्या बाबतीतही व्याज चालूच राहिले. दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवरील व्याजावरचे व्याज शासनाने ऑक्टोबरमध्ये सोसले आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तहकुबीच्या काळातील चक्रवाढ आकारणी सर्वांसाठीच अमान्य केली, तेव्हा तो बोजा काहीसा हलका झाला. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या तीन लाख कोटी रुपयांच्या तातडीच्या पतहमी योजनेत, २९ फेब्रुवारी रोजी उद्योजकाकडे जी कर्जबाकी होती तिच्या वीस टक्के रक्कम नव्या तारणावाचून मिळावयाची होती. कुपवाड-मिरजेच्या, शिरवळ-साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतील ज्या कारखानदाराचे बँकेत चालू खाते होते, त्याला हा मोठा आधार झाला. परंतु विट्याच्या यंत्रमागवाल्यांपैकी ज्याने आयुष्यभर कर्ज टाळून, सुताच्या व्यापाऱ्याच्या उधारीवर माग चालविला, त्याची बाकी शून्य आणि शून्याचे वीस टक्के शून्यच. शंभरपर्यंत कामगार असलेल्या ज्या आस्थापनांतील बहुसंख्यांचे वेतन पंधरा हजारांच्या आत होते, तेथील भविष्यनिर्वाह निधीचा उभय पक्षांचा हिस्सा शासनाने भरला; तोही ज्यांचे कामगार पटावर होते त्यांचाच. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी दहा हजार रुपयांच्या खेळत्या भांडवलाची योजना आली, आणि एप्रिल २०२१ च्या निर्बंधांसोबत राज्याने ५,४७६ कोटी रुपयांचे जे साहाय्य जाहीर केले त्यात नोंदणीकृत फेरीवाल्यांना व परवानाधारक रिक्षाचालकांना पंधराशे रुपये होते. प्रत्येक योजनेच्या दारावर एकच विशेषण उभे असलेले दिसेल.

या दोषाबद्दल योजना करणाऱ्यांवर कठोर टीका करणे सोपे आहे. ते या ग्रंथाचे धोरण नाही. खात्री करून घेतल्यावाचून सार्वजनिक पैसा वाटणे हा अपराधच ठरला असता, आणि महिन्याभरात दप्तर निर्माण करता येत नाही. प्रश्न आधीच्या सत्तर वर्षांचा आहे.

सांगलीच्या पेठेचे दुःख आणखी गहिरे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. गणपती पेठेपासून मारुती रोडपर्यंतच्या दुकानदारांनी चिखलातून माल उपसून पुन्हा शटर वर केले, त्याला आठ महिने होत नाहीत तोच टाळेबंदी आली. ३० एप्रिल २०२० च्या केंद्रीय वर्गवारीत सातारा लाल पट्ट्यात व सांगली नारिंगी पट्ट्यात पडली, म्हणजे एकाच महामार्गावरील दोन पेठांना दोन नियम लागू झाले. दुसऱ्या लाटेत दोन्ही जिल्हे दीर्घकाळ कठोर निर्बंधांत राहिले. जुलै २०२१ मध्ये व्यापारी दुकाने उघडण्याची परवानगी मागत असतानाच कृष्णेला पुन्हा महापूर आला, आणि २ ऑगस्ट रोजी राज्यातील बहुसंख्य जिल्ह्यांना सवलत मिळाली तेव्हा वगळलेल्या अकरा जिल्ह्यांत सातारा व सांगली ही दोन्ही नावे होती. रोगाचे प्रमाण पाहता तो निर्णय असमर्थनीय नव्हता. परंतु पुराचा पंचनामा करणारा एक कागद आणि साथीचा निर्बंध घालणारा दुसरा कागद एकाच दुकानदाराच्या हाती पडत असता, त्या दोहोंचा एकत्र विचार करणारा तिसरा कागद कोणाच्याही मेजावर नव्हता.

मुंबईस गेलेल्यांविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण असल्याने येथे थोडक्यात लिहितो. पाटण तालुक्यातील मंद्रूळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले आणि १९६९ च्या कायद्याने त्यांना मंडळ, नोंदणी व हक्क मिळाले. २०२० च्या वसंतात मुंबईचे अन्न वाशीच्या बाजारातून जात होते आणि ते पाठीवर वाहणाऱ्यांत साताऱ्याचे लोक मोठ्या संख्येने होते. संसर्ग वाढून मे महिन्यात तो बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला, तोवर त्यांनी पाठ फिरवली नव्हती. गावी परतल्यावर याच माणसांना शाळेच्या खोलीत चौदा दिवस काढावे लागले, कित्येक ठिकाणी आप्तांच्याच संशयी नजरा सोसाव्या लागल्या. महानगराची रसद सांभाळणाऱ्याची रसद कोणी सांभाळावी, हा प्रश्न ग्राम दक्षता समित्यांनी जेथे आपुलकीने सोडविला तेथे तो सुटला.

गलाई करणाऱ्यांना तर माथाडींसारखे मंडळही नव्हते. दक्षिणेत व उत्तरेत विखुरलेली ही कुटुंबे परवान्यांसाठी दोन-दोन राज्यांच्या कचेऱ्यांकडे अर्ज करीत राहिली. सराफी पेढ्या बंद म्हणून भट्टी थंड, आणि व्यवसाय कोणत्याही योजनेच्या रकान्यात न बसणारा.

२६ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने असंघटित श्रमिकांच्या नोंदणीसाठी ई-श्रम ही व्यवस्था सुरू केली, आणि त्याच सुमारास राज्यात ऊसतोड मजुरांना ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याची हालचाल झाली. ही नोंदणी कितपत खरी, कितपत अद्ययावत आहे, टोळी फडावर पोचल्यावर ते ओळखपत्र तेथील तहसीलदार मानतो काय, आणि विट्याच्या माळावरून कोइमतूरला गेलेल्या गलाईवाल्याचा धंदा त्यात कोणत्या नावाखाली लिहिला जातो, याचा तपास शेवटच्या प्रकरणात केला आहे.